रणात चार दिवस, पाण्याच्या मागावर

“रणात? अगं, रणात जाऊन पाहायचं तरी काय?”

गेल्या दिवाळीत फराळ चालू असताना मी नाताळच्या सुट्टीत कच्छला जाण्याचा बेत मांडला, तेव्हा पहिला प्रश्न ह्यांनी विचारला. थोरलीने महाबळेश्वरचे नाव पुढे केले, धाकट्या चिरंजीवांनी गोव्याचे. “डोंगर नाही, समुद्र नाही, झाड नाही. चार दिवस मिठाकडे बघत बसायचं?” हा चिरंजीवांचा बिनतोड मुद्दा. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. वादात हरण्याची सवय मला वर्गातच लागलेली आहे. पण या खेपेस एक साक्षीदार आपण होऊन माझ्या बाजूने उभा राहिला. समोरच्या बिऱ्हाडातल्या बा चकल्यांचा डबा परत द्यायला आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, “रणात जाता? मग पाणी बघून या.”

आम्ही सगळे हसलो. बा हसल्या नाहीत.

मुलुंड-घाटकोपरकडच्या माणसाला कच्छ म्हणजे काही परमुलूख नव्हे. आमच्या इमारतीतली निम्मी बिऱ्हाडे कच्छी. सकाळी जिन्यात बाजरीच्या रोटल्याचा खरपूस वास, संध्याकाळी कोपऱ्यावर दाबेलीच्या गाडीभोवती गर्दी. या दोन्हींमध्ये आमची मुले वाढली. बा लग्न होऊन मुलुंडला आल्या त्याला साठ वर्षे होऊन गेली. त्यांचे मराठी आमच्याइतकेच स्वच्छ आहे. त्यांच्यात एकच खोड. कुणाच्या घरातला नळ गळताना त्यांच्या कानी आला, की त्या सरळ घंटा वाजवतात. आमची घंटा एकदा पहाटे साडेपाचला वाजली आहे. मे महिन्यात टँकरच्या पैशांवरून सभासदांची हमरीतुमरी झाली तेव्हा बा मधेच म्हणाल्या होत्या, “पैसा नंतर मोजा, आधी बादल्या मोजा.” त्यावरही आम्ही हसलोच होतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजेत त्यांचा धाकटा भाऊ गेला. भूकंपात गेलेल्यांचे स्मारक भुजेच्या डुंगरावर झाले आहे, तिथे त्याचे नाव आहे, एवढे त्यांना ऐकून ठाऊक होते. गुडघ्यांमुळे आता त्यांच्याने प्रवास होत नाही. “बेन, नाव बघून ये. आणि तिथे पाणी आहे का, तेही बघ.”

“कसलं पाणी, बा?”

“गेलीस की कळेल.”

गोल घरात मुक्काम

मुलुंडहून बोरिवली गाठणे हाच या प्रवासाचा अवघड टप्पा. एकदा संध्याकाळी बोरिवलीला कच्छ एक्सप्रेसमध्ये बसले, की सकाळी माणूस भुजेत. पहाटे डोळे चोळत खिडकीशी बसावे. सूरजबारीच्या पुलावरून गाडी कच्छमध्ये शिरते तेव्हा दोन्ही बाजूंना खाडीचे पाणी, मिठागरे आणि मिठाचे पांढरे ढीग दिसतात. चिरंजीवांनी तिथेच वहीत नोंद केली : ‘वाळवंट सुरू. पण पाणी आहे.’

भुजेहून उत्तरेला निघाले की रस्त्यातच कर्कवृत्ताची पाटी लागते. भूगोलाच्या पुस्तकातली तुटक रेघ आपण मोटारीतून ओलांडतो याचा मुलांना कोण आनंद! पुढे भिरंडियारा गाव. इथला म्हशीच्या दुधाचा मावा प्रसिद्ध. तो द्रोणातून गरम गरम खावा. इथून बन्नी नावाचे विस्तीर्ण गवताळ रान सुरू होते आणि त्याच्या पलीकडे रण.

आमचा मुक्काम बन्नीतल्या एका खेड्यात, गावकऱ्यांनीच चालविलेल्या निवासात होता. खोली म्हणजे ‘भुंगा’ : मातीचे गोल घर, वर गवताचे टोकदार छप्पर, आतल्या भिंतींवर माती आणि आरशांच्या तुकड्यांची नक्षी. २००१ च्या धक्क्यात चौकोनी दगडी घरे कोसळली, तेव्हा असे कितीतरी भुंगे उभे राहिले. गोल भिंतीला कोपरा नसतो, त्यामुळे धक्क्याचा जोर एका ठिकाणी साचत नाही. आणि छप्पर हलके असते. पुढे कच्छमध्ये नवी घरे बांधताना अनेक ठिकाणी हा जुना घाट पुन्हा उचलला गेला.

आमचे यजमान एक वयस्क मालधारी होते. मालधारी म्हणजे गुरे राखणारे. सगळे गाव त्यांना ‘चाचा’ म्हणे, आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी पहिल्याच दिवशी अंघोळीच्या पाण्याचा हिशेब सांगितला : “गरम पाणी माणशी एक बादली. पुरतं.” ह्यांनी माझ्याकडे पाहिले. मला साडेपाचची घंटा आठवली.

पांढरे काय आहे?

पहिल्या संध्याकाळी धोरडोजवळचे पांढरे रण पाहायला गेलो. सरहद्द जवळ असल्याने परवाना काढावा लागतो. धोरडोला हिवाळ्यात तंबूंचे मोठे नगर उभे राहते. २००५ च्या सुमारास सुरू झालेला रणोत्सव तो हाच. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने धोरडोची जगातल्या उत्तम पर्यटन-ग्रामांत निवड केली. गर्दी, उंटगाड्या, गाणी, खरेदी असे सगळे तिथे आहे. ज्यांना ते आवडते त्यांनी ते जरूर घ्यावे. आम्ही गर्दीतून थोडे पुढे गेलो.

पुढे मात्र खरोखर काही नव्हते. पायाखाली पांढरे, क्षितिजापर्यंत पांढरे. मिठाच्या पापुद्र्यावर षट्कोनी भेगांचे जाळे, जणू कुणी घरभर फरशी बसविली आहे. थोरलीने बोट लावून चाखले आणि तोंड वाकडे केले. चिरंजीवांनी टाच रोवली, तर पापुद्रा फुटून खाली काळा, ओला चिखल निघाला! म्हणून तर खुणेच्या पलीकडे चालत जाऊ नये असे सांगतात.

हे पांढरे म्हणजे पाण्याची राहिलेली खूण आहे. रणाची जमीन समुद्राच्या पातळीपेक्षा जेमतेम वर. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा कोरीच्या खाडीतून समुद्राचे पाणी आत लोटतो, वरून पाऊस आणि नद्यांचे पाणी येते, आणि सगळे रण उथळ सरोवर होऊन जाते. दसरा-दिवाळीनंतर ते आटू लागते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. म्हणजे आपण डिसेंबरात वाळवंटात उभे नसतो, तर नुकत्याच उठून गेलेल्या पाण्याच्या जागी उभे असतो. संस्कृतात ‘इरिण’ म्हणजे खारवट, उजाड भूमी. ‘रण’ हा शब्द त्यापासूनच आला असे मानतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथातही इथल्या आखाताला ‘एइरिनोन’ म्हटले आहे. मराठीच्या शिक्षिकेला एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही, वाचकांनी क्षमा करावी.

याच रणात पाणी असताना रोहित पक्ष्यांची प्रचंड वसाहत भरते, चिखलाची हजारो घरटी उभी राहतात. ‘द बर्ड्‌स ऑफ कच्छ’ हा ग्रंथ आपल्या मुंबईच्या सलीम अलींनी १९४५ मध्ये लिहिला तो याच मुलखावर. हिवाळ्यात आमच्या मुलुंड-भांडुपच्या पलीकडे, ठाण्याच्या खाडीत जे गुलाबी थवे उतरतात, त्यांतले कितीतरी गुजरातच्या या खाऱ्या पाणथळींकडूनच येतात. चिरंजीवांनी हे ऐकले आणि विचारले, “म्हणजे ते आपल्याकडे येतात, आणि आपण त्यांच्याकडे आलो?” तसेच म्हणायचे.

पौर्णिमेच्या रात्री रण दुधासारखे दिसते हे खरे, पण त्या रात्री गर्दीही फार. आम्ही गेलो तेव्हा चंद्र नव्हता. त्याऐवजी इतक्या चांदण्या होत्या की मुले बराच वेळ बोललीच नाहीत.

तरंगणारे गोडे पाणी

बन्नीत पहाटे उठावे. रात्रभर रानात चरलेल्या म्हशी उजाडताना धूळ उडवीत आपल्या आपण गोठ्याकडे परततात. गुराख्यावाचून! दिवसाच्या उन्हाऐवजी रात्रीच्या गारव्यात चरणारी ही बन्नी म्हैस. २०१० मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. पाठोपाठ दूध काढण्याची घाई, ताकाची घुसळण, चुलीवर रोटला. शहरी मुलांना याहून चांगला कार्यक्रम कोणता देणार?

न्याहारी झाल्यावर चाचा म्हणाले, “चला, विरडा दाखवतो.” गावाबाहेर एक सखल जागा होती; पावसाचे पाणी साठून आटून गेलेली. तिच्यात पुरुषभर खोल खड्डा, कडांना काटक्यांची चौकट आणि गवताचे अस्तर. तळाशी वीतभर नितळ पाणी. चाचांनी ओंजळ भरून आम्हांला दिली. पाणी गोड होते.

“खाली सगळं खारंच आहे,” चाचा म्हणाले. बन्नीच्या पोटातले पाणी खारे. पण पावसाचे गोडे पाणी मुरते ते त्याच्याहून हलके असल्याने वर तरंगून राहते, दुधावरच्या सायीसारखे. मालधारी तेवढी साय काढून घेतात. सावकाश उपसले तर विरडा अनेक महिने पाणी देतो. हावरेपणाने उपसले की खालचे खारे पाणी वर येते आणि विरडा संपतो. मग दुसरा खणायचा. पिढ्यान्‌पिढ्या माणसे आणि गुरे या सायीवर जगली. आता नळ आले आहेत, टाक्या आल्या आहेत. पण नळ रुसला की चाचांना विरडाच आठवतो.

परतताना काटेरी झुडपांचे रानच्या रान लागले. ही ‘गांडो बावळ’, म्हणजे आपली वेडी बाभूळ. खारी जमीन पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या दशकात ती सरकारने इथे लावली. ती थांबायचे नावच घेईना. गवताची जागा खात सुटली. तिचा कोळसा करून काही घरे पोट भरतात, आणि त्याच बाभळीमुळे चराई गेली म्हणून काही घरे तिला शिव्या देतात. भल्यासाठी केलेल्या गोष्टीचेही असे दोन हिशेब निघतात.

दुपारी मुली-बायकांचे भरतकाम पाहावे. एकेका जमातीचा टाका वेगळा, आरसा बसविण्याची तऱ्हा वेगळी. विकत घ्यायचे तर घासाघीस करण्यापूर्वी एक टाका स्वतः घालून पाहावा. आमच्या थोरलीला अर्ध्या तासात एक पाकळी जमली, आणि तिने किमतीबद्दल चकार शब्द काढला नाही. बाहेर मात्र दूरवर मोठे तळे चमकत होते. चिरंजीव धावत सुटले, तळेही मागे मागे गेले. पुस्तकात वाचलेले मृगजळ ते हेच. तापलेल्या जमिनीलगतची हवा प्रकाश वाकवते आणि आभाळाचा तुकडा भुईवर आणून ठेवते.

रात्री शेकोटीभोवती चाचांनी गोष्टी सांगितल्या. रात्री रानात हिंडणाऱ्या ‘चिर बत्ती’ची, म्हणजे भुताच्या दिव्याची, एक, आणि पोहणाऱ्या उंटाची दुसरी. पहिली ऐकून मुले आणखी जवळ सरकली, दुसरी ऐकून हसली. पण दुसरी अक्षरशः खरी आहे. कच्छच्या किनाऱ्यावरचा खराई उंट खाडीतून पोहत बेटांवर जातो आणि तिवरांचा पाला खातो. तिसरी गोष्ट लखपतची. सिंधूच्या पाण्यावर लखपत बंदर भरभराटले होते. तिथे तांदूळ पिकत असे. १६ जून १८१९ रोजी मोठा भूकंप झाला. रणात मैलोगणती लांब जमिनीचा बांध वर उचलला गेला, त्याला लोक ‘अल्ला बंद’ म्हणतात. सिंदरीचा किल्ला पाण्यात बुडाला, सिंधूचे पाणी तुटले आणि लखपत ओस पडले. त्या बुडालेल्या किल्ल्याचे चित्र चार्ल्स लायेलच्या भूशास्त्रावरील जगप्रसिद्ध ग्रंथात आहे. एक दिवस जास्त असेल तर लखपतची तटबंदी पाहून यावी. आम्हांला ते जमले नाही.

जलाशयांचे नगर आणि दत्ताचा डोंगर

तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे धोळावीरा. पूर्वी हा मोठा वळसा होता. आता खावड्याकडून रणाच्या मधून सरळ रस्ता झाला आहे. दोन्ही बाजूंना पाणी नाहीतर मीठ, आणि मधून काळी रेघ.

खडीर बेटावरच्या या हडप्पाकालीन नगराचा शोध १९६० च्या दशकात जगत्पती जोशी यांनी लावला. १९९० पासून रवींद्रसिंह बिश्त यांच्या देखरेखीखाली ते खणून काढले गेले. २०२१ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. दहा मोठ्या चिन्हांची पाटी इथेच सापडली. ती आजवर कुणाला वाचता आलेली नाही. परंतु मला जखडून ठेवले ते जलाशयांनी. नगराच्या दोन अंगांना मनहर आणि मनसर असे दोन पावसाळी ओढे. त्यांना बांध घालून पाणी वळविले, आणि तटाच्या आत जलाशयांची माळ बांधली. पूर्वेकडचा जलाशय सुमारे ७३ मीटर लांब आणि २९ मीटर रुंद, उतरायला पायऱ्या. पावसाचा थेंब वाया जाऊ न देणारे हे नगर सुमारे दीड हजार वर्षे नांदले.

ह्यांनी पायऱ्यांवर बसून एकदम विचारले, “कान्हेरीला आपण काय पाहिलं होतं गं?” बोरिवलीच्या कान्हेरीला आम्ही दर पावसाळ्यात जातो, भजी खातो आणि परततो. तिथेही प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात कोरलेले पाण्याचे टाके आहे, ओहोळ वळवून त्यात सोडले आहेत; शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हणतात. दारातले टाके दिसायला आम्हांला धोळावीरा गाठावे लागले!

संध्याकाळी काळा डुंगर. साडेचारशे मीटरांहून थोडी अधिक उंची, पण कच्छमधले हेच सर्वोच्च ठिकाण. आणि माथ्यावर कोण? आपले दत्तात्रेय! आरतीनंतर पुजारी भाताचा प्रसाद घेऊन कोल्ह्यांना हाक घालतात : ‘लोंग, लोंग!’ भुकेल्या कोल्ह्यांना देण्यासारखे काही उरले नाही तेव्हा दत्तात्रेयांनी ‘ले अंग’ म्हणून आपले अंगच पुढे केले, त्याचे हे ‘लोंग’ झाले असे सांगतात. आम्ही गेलो त्या दिवशी दोनच कोल्हे आले, घाईने खाऊन नाहीसे झाले. माथ्यावरून खाली रण पसरले होते आणि मावळत्या उन्हात ते थेट समुद्रासारखे दिसत होते.

ज्यांना जायचे त्यांच्यासाठी चार शब्द. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्याआधी रणात पाणी असू शकते, नंतर ऊन सोसत नाही. रात्री थंडी कडक पडते, लोकरीचे कपडे न्यावेत. दुपारी मिठावरून ऊन परतून डोळ्यांत जाते, म्हणून काळा चष्मा. घरून पाण्याच्या मोठ्या बाटल्या न्याव्यात आणि रिकाम्या परत आणाव्यात. पांढऱ्या रणाच्या काठी आम्हांला सर्वांत जास्त काय दिसले असेल तर टाकलेल्या बाटल्या. आणि एका रात्रीत परतू नये. निदान दोन पहाटा तिथे उगवू द्याव्यात.

भुजेच्या डुंगरावर

चौथ्या दिवशी भूज. बाकीच्यांना बाजारात सोडून एकटीने जावे असे मी ठरविले होते, पण मुलेही आली.

भुजियो डुंगरावरचे ‘स्मृतिवन’ २०२२ मध्ये खुले झाले. प्रदर्शन मोठे आहे, पाहण्याजोगे आहे. पण मी आधी नाव शोधत निघाले. डोंगराच्या उतारावर झाडी लावली आहे आणि ओघळांना ठिकठिकाणी बांध घालून पन्नास छोटे जलाशय केले आहेत. भूकंपात गेलेल्यांची नावे त्या जलाशयांपाशी कोरली आहेत. बारा हजारांहून अधिक नावे. नाव कुठे आणि पाणी कुठे, हे तेव्हा मला उमगले.

शोधायला वेळ लागला. अखेर चिरंजीवांनी हाक मारली. बांकडून रोटला खाता खाता त्यांनी गुजराती अक्षरे शिकून घेतली होती. नाव होते, वडिलांचे नाव होते, गाव होते. थोरलीने त्यावरची धूळ रुमालाने पुसली. मग आम्ही चौघांनी वाकून खाली पाहिले. डिसेंबर असल्याने पाणी खाली गेले होते. तळाशी हिरवट, स्थिर. त्यावर एक टिटवी चालत होती.

मुलुंडला पोचल्याच्या संध्याकाळी मी बांच्या घरी गेले. नावाचा फोटो त्यांनी मोबाईलवर पाहिला, बोटाने मोठा करून पाहिला, डोळ्यांना लावला. मग विचारले, “पाणी होतं?”

“होतं, बा. थोडं होतं.”

“थोडं असतंच,” त्या म्हणाल्या. “वैशाखापर्यंत पुरलं पाहिजे.” आणि उठून आमच्यासाठी चहाचे आधण ठेवले, माणशी एक कप, मोजून.

मुंबईला नळाने पाणी आले ते १८६० मध्ये विहारच्या तलावातून. आता वैतरणा आणि भातसा डोंगरांपलीकडून आमची तहान भागवतात. ते सारे पाणी माझ्या नळापर्यंत येते आणि मी तो नळ अर्धवट सोडून निजते, हे मला मुलुंडमध्ये कधी दिसले नव्हते. अलीकडे आमचा स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळू लागला आहे. पण पहाटे त्याचा आवाज आला की आता मीच उठते. बांना घंटा वाजवायला यावे लागू नये.